नकाशांचा संग्रह : मांडणी आणि जतन

पुणे-अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) मार्गावरील वाघोली हे हवेली तालुक्यातील एक जुने गाव. वाघेश्वराचे मंदिर आणि मराठेशाहीतील सरदार पिलाजी जाधवराव यांची समाधी यांमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना ते परिचित आहे. दगडखाणींमुळे ते बांधकामाच्या व्यवसायातील लोकांनाही माहीत झाले. जून २०२१ अखेर पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत जी २३ गावे समाविष्ट करण्यात आली त्यांत वाघोलीही होते. ग्रामपंचायतीचा कारभार संपला आणि गाव शहराचा भाग झाले. जेथे शेते होती तेथे वसाहती उभ्या राहिल्या आहेत. अशा वेळी काही प्रश्न हटकून उपस्थित होतात. पूर्वी ओढा कोणत्या वाटेने वाहत होता? शिवरस्ता कोणत्या बांधावरून जात होता? गावठाणाची मूळ हद्द कोठवर होती? जाणत्या माणसांच्या आठवणी यासाठी उपयोगी पडतात. परंतु आठवणी माणसांबरोबर जातात आणि त्या मोजताही येत नाहीत. मोजता येईल असे उत्तर जुन्या नकाशात मिळते, मात्र तो नकाशा शिल्लक असला पाहिजे आणि हवा तेव्हा सापडला पाहिजे.

नकाशा शिल्लक राहणे हा जतनाचा विषय आहे आणि तो सापडणे हा मांडणीचा. विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून या दोन्ही विषयांचे एक शास्त्र तयार झाले आहे. त्याची ओळख करून देणे आणि ग्रामपंचायत, शाळा व तालुक्याच्या कार्यालयांत त्यातील काय आचरणात आणता येईल हे सांगणे, हा या लेखाचा हेतू आहे.

एका गावाचे अनेक नकाशे

वाघोलीसारख्या एका गावासंबंधी किती प्रकारचे नकाशे असू शकतात याचा प्रथम विचार करू.

पहिला प्रकार महसुली नकाशांचा. इंग्रजी अमदानीच्या आरंभी पुणे भागात प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेली जमिनीची मोजणी व आकारणी यशस्वी झाली नाही. त्यानंतर १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम सुरू केले व त्यातून मुंबई इलाख्याची सर्व्हे नंबरांची पद्धत आकारास आली. ३३ फुटांची साखळी हे या मोजणीचे माप. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एक एकर, हा हिशेब आजही प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी आहे. या मोजणीतून टिपण, गुणाकार बुक, आकारबंद अशी कागदपत्रे आणि त्यांच्याबरोबर गाव नकाशा सिद्ध झाला. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यान्वये ज्या गावांत एकत्रीकरण योजना राबविण्यात आली तेथे सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. वाघोलीतील जमिनी आज गट नंबरांनी ओळखल्या जातात. साहजिकच जुन्या दस्तऐवजातील सर्व्हे नंबर आणि आजचा गट यांचा मेळ घालावयाचा असेल तर एकत्रीकरणापूर्वीचा व नंतरचा असे दोन्ही नकाशे शेजारी ठेवावे लागतात. त्यांतील एक जरी नाहीसा झाला तरी दुसऱ्याचा अर्थ अपुरा राहतो.

दुसरा प्रकार भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांचा, ज्यांना महाविद्यालयांतून ‘टोपोशीट’ म्हणतात. हा विभाग १७६७ पासूनचा. १८०२ साली लॅम्बटन यांनी मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला आणि त्या आधारावर पुढे सबंध देशाचे नकाशे झाले. प्रारंभी एक इंचास एक मैल आणि दशमान पद्धतीनंतर १ : ५०,००० या प्रमाणावर हे नकाशे छापले गेले. त्यांत उंचसखलपणा, नद्या, विहिरी, मंदिरे, वस्त्या व रस्ते हे सर्व दाखविलेले असते.

तिसरा प्रकार नियोजनाच्या नकाशांचा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये होणाऱ्या प्रादेशिक योजना आणि विकास आराखडे यांत येतात. चौथा प्रकार विषयवार नकाशांचा : भूगर्भ, मृदा, पर्जन्य, लोकसंख्या इत्यादी. कोलकाता येथील राष्ट्रीय नकाशा संघटनेने हे कार्य १९५६ पासून केले आहे आणि भूगोलतज्ज्ञ डॉ. शि. प्र. चटर्जी यांच्या नेतृत्वाखाली तिने १९५७ साली भारताचा पहिला राष्ट्रीय नकाशासंग्रह हिंदीत प्रसिद्ध केला. पाचवा प्रकार ऐतिहासिक, हाताने काढलेल्या व मोडी अक्षरांच्या नकाशांचा. शाळांतील भिंतीवरचे नकाशे हा सहावा प्रकार म्हणता येईल.

हे सर्व नकाशे एका कार्यालयात कधीच नसतात. महसुली नकाशे भूमी अभिलेख खात्याकडे, आराखडे नगररचना विभागाकडे, स्थलदर्शक नकाशे डेहराडून येथे मुख्यालय असलेल्या केंद्रीय विभागाकडे, अशी त्यांची विभागणी असते. प्रत्येक कार्यालयास आपल्या कामापुरता व बहुधा अद्ययावत नकाशा लागतो. निरनिराळ्या खात्यांचे आणि निरनिराळ्या काळांतील नकाशे एका छताखाली ठेवून ते अभ्यासकाला शेजारी शेजारी पाहू देणे, हे विद्यापीठ ग्रंथालयाचे खरे काम होय.

पुण्यास ही संधी इतर अनेक ठिकाणांपेक्षा अधिक लाभली आहे. राज्याचे जमाबंदी आयुक्त व संचालक, भूमी अभिलेख यांचे मुख्यालय पुण्यात आहे. नकाशांच्या छपाईसाठी नावाजलेले शासकीय फोटोझिंको मुद्रणालय येथेच आहे. पेशवे दप्तर सांभाळणारे पुणे पुरालेखागार, १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ, १९३० पासूनची गोखले अर्थशास्त्र संस्था आणि डेक्कन कॉलेज या संस्था शहरात आहेत. १० फेब्रुवारी १९४९ रोजी स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ग्रंथालयास पहिले कुलगुरू डॉ. मु. रा. जयकर यांचे नाव आहे. एवढ्या संस्थांच्या शेजारात वाढणाऱ्या शहराच्या नकाशांची नोंद एकमेकांस जोडून ठेवणे कठीण असू नये.

पुस्तकाची रीत नकाशास का चालत नाही?

ग्रंथालयात पुस्तक शोधताना आपण लेखक, शीर्षक किंवा विषय यांवरून शोधतो. नकाशाला बहुधा लेखक नसतो. त्याचे शीर्षक पुष्कळदा केवळ एक क्रमांक असते. वाचक मात्र येतो तो ‘अमुक गावाचा नकाशा हवा’ असे म्हणत. म्हणून नकाशाच्या मांडणीत पहिले स्थान ठिकाणाला, दुसरे विषयाला, तिसरे वर्षाला आणि चौथे प्रमाणाला द्यावे, असा संकेत रूढ झाला आहे.

ड्यूई दशांश पद्धतीत नकाशांसाठी ९१२ हा वर्ग असून त्यास प्रदेशाचा अंक जोडतात. महाराष्ट्राच्या नकाशांस ९१२.५४७९२ असा क्रमांक येतो. डॉ. रंगनाथन यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात भूगोलास ‘यू’ हे अक्षर आहे. परंतु गावपातळीवरील हजारो नकाशांसाठी हे अंक फार लांबतात. यास्तव व्यवहारात एक सोपा मार्ग स्वीकारला जातो : जे नकाशे मुळातच एखाद्या मालेचे आहेत ते त्या मालेच्या क्रमाने ठेवावेत आणि बाकीचे जिल्हा, तालुका, गाव या उतरत्या क्रमाने लावावेत.

स्थलदर्शक नकाशांची माला याचे उत्तम उदाहरण होय. देश व शेजारचा प्रदेश चार अंश लांब व चार अंश रुंद अशा चौकोनांत विभागून त्यांस क्रमांक दिले आहेत. १६ ते २० अक्षांश आणि ७२ ते ७६ रेखांश यांमधील चौकोनाचा क्रमांक ४७. त्याचे एकेका अंशाचे १६ भाग करून त्यांस इंग्रजी ‘ए’ पासून ‘पी’ पर्यंतची अक्षरे दिली आहेत. प्रत्येक भागाचे पुन्हा १५ मिनिटांचे १६ तुकडे केले आहेत. पुणे शहर ४७ एफ/१४ या नकाशात येते. त्याची व्याप्ती १८ अंश ३० मिनिटे ते १८ अंश ४५ मिनिटे उत्तर आणि ७३ अंश ४५ मिनिटे ते ७४ अंश पूर्व अशी आहे. वाघोलीही याच नकाशात आहे, पण अगदी पूर्वेच्या कडेला. गावाच्या पूर्वेकडील मुलूख पाहावयाचा तर शेजारचा ४७ जे/२ हा नकाशा काढावा लागतो.

एखाद्या ग्रंथपालाने या नकाशांवर केवळ ‘पुणे’ व शेजारच्या गावाचे नाव लिहून ते वर्णक्रमाने लावले, तर जमिनीवर शेजारी असलेले हे दोन नकाशे कपाटात दूर जाऊन पडतील. क्रमांकाने लावल्यास आणि दर्शनी भागी सूचक नकाशा टांगल्यास वाचक स्वतःच बोट ठेवून सांगेल की मला हा आणि हा चौकोन हवा. सूचक नकाशा म्हणजे संपूर्ण मालेच्या चौकोनांचे रेखाटन. संग्रहात जे नकाशे आहेत त्यांचे चौकोन रंगवून ठेवावेत. एवढ्या एका कागदाने ग्रंथालयातील निम्मे हेलपाटे वाचतात.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने सर्वांसाठी खुली अशी वेगळी माला काढली. तिचा क्रमांक व भूमापनाचा आधार जुन्या मालेपेक्षा निराळा आहे. म्हणून दोन्ही माला एकत्र न मिसळता स्वतंत्र खणांत ठेवाव्यात आणि सूचीत परस्परांचा उल्लेख करावा.

सूचीपत्र कसे असावे?

नकाशाच्या नोंदीत पुस्तकाच्या नोंदीपेक्षा काही अधिक रकाने लागतात. ठिकाण, शीर्षक किंवा क्रमांक, प्रमाण, अक्षांश-रेखांश, तयार करणारे खाते, सर्वेक्षणाचे वर्ष, मुद्रणाचे वर्ष, सेंटिमीटरमध्ये आकार, कागद की कापड, हस्तलिखित की छापील, सध्याची स्थिती आणि कपाट व खणाचा क्रमांक, एवढी माहिती हवी. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंग्ल-अमेरिकी सूचीकरण नियमांच्या दुसऱ्या आवृत्तीत नकाशांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. संगणकीय सूचीसाठी प्रचलित असलेल्या मार्क पद्धतीत प्रमाण व अक्षांश-रेखांश यांसाठी ०३४ आणि २५५ ही क्षेत्रे राखून ठेवलेली आहेत.

यांपैकी दोन वर्षांची नोंद विशेष काळजीने करावी. नकाशा छापला केव्हा आणि त्याची मोजणी झाली केव्हा, या दोन भिन्न गोष्टी आहेत. जुन्या मोजणीवरून पुढे अनेक वर्षांनी नव्याने छापलेला नकाशा दिसावयास नवा असतो, पण त्यातील ओढा व पायवाट जुन्या काळची असते. केवळ मुद्रणवर्ष लिहिल्यास अभ्यासकाची फसगत होते. नकाशाच्या तळाच्या समासात ही दोन्ही वर्षे बहुधा दिलेली असतात आणि नेमका तोच समास चौकट बसविताना पुष्कळदा कापला जातो! समास हा नकाशाचा भाग आहे. तो कापू नये.

गावांच्या नावांचाही प्रश्न आहे. एकाच गावाचे नाव इंग्रजीत निरनिराळ्या प्रकारे लिहिलेले आढळते. एकाच नावाची अनेक गावेही असतात. शिवाय गाव ग्रामपंचायतीतून महानगरपालिकेत गेले, जिल्ह्याचे नाव बदलले, तालुका विभागला, असे फेरफार होत असतात. सूचीत आजचे अधिकृत नाव मुख्य मानून जुन्या नावांवरून त्याकडे बोट दाखविणाऱ्या नोंदी कराव्यात. ‘वाघोली, तालुका हवेली’ ही नोंद पुणे महानगरपालिकेखाली आणि हवेली तालुक्याखाली अशी दोन्हीकडे मिळाली पाहिजे.

एका मिलिमीटरचे मोल

नकाशाच्या जतनाबाबत एवढा आग्रह कशासाठी, याचे उत्तर गणितात आहे. मुंबई इलाख्यातील जुन्या गाव नकाशांवर एक इंच म्हणजे वीस साखळ्या हे प्रमाण नेहमी आढळते. वीस साखळ्या म्हणजे ६६० फूट. याचा अर्थ कागदावरचा एक चौरस इंच म्हणजे जमिनीवरचे दहा एकर, आणि कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे २६ फूट. गाव नकाशात गाडीवाट दोन तुटक रेषांनी आणि पायवाट एका तुटक रेषेने दाखवितात. गाडीवाटेची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. म्हणजेच घडीवर कागद विरून एक मिलिमीटरची फट पडली, तर तेवढ्यात एक संपूर्ण गाडीवाट नाहीशी होऊ शकते. शेताकडे जाण्याच्या वाटेवरून ज्या गावात वाद चालू असेल, त्या गावास या मिलिमीटराची किंमत निराळी सांगावयास नको.

दुसरी गोष्ट कागदाच्या आकुंचनाची. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो आणि तोही दोन्ही दिशांना सारखा नव्हे. पुण्यासारख्या ठिकाणी एप्रिलची कोरडी हवा आणि जुलैची दमट हवा यांत मोठे अंतर असते. समजा, एखादा नकाशा दोन्ही बाजूंनी शंभरात एक भाग आक्रसला. तर त्यावरून काढलेले क्षेत्रफळ सुमारे शंभरात दोन भाग कमी येईल, म्हणजे दहा एकरांमागे आठ गुंठे! म्हणूनच जुन्या नकाशावर मोजताना बाहेरची पट्टी सरळ न लावता नकाशावरच छापलेली प्रमाणरेषा आधी मोजून पाहावी. ती कागदाबरोबरच आक्रसलेली असल्यामुळे चूक लक्षात येते.

ओढ्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात अनेकांचे प्राण गेले. वस्ती वाढताना ओढ्यांची पात्रे अरुंद होतात, वळविली जातात, कधी बुजविली जातात. पाणी मात्र उताराचीच वाट धरते. नव्याने शहरात आलेल्या गावांत पावसाळी गटारे व पूल यांची आखणी करणाऱ्या अभियंत्याला ओढ्याचे मूळ पात्र दाखविणारा नकाशा हाताशी मिळाला, तर त्याचा उपयोग पुढील कित्येक पावसाळ्यांत होईल.

नकाशांचे शत्रू आणि उपाय

नकाशांची हानी मुख्यतः सहा कारणांनी होते : घडी, ऊन, दमटपणा, कीड, कागदातील आम्लता आणि माणसाचे हात.

घडी घातलेला नकाशा प्रथम घडीवर आणि त्यातही दोन घड्या जेथे मिळतात त्या जागी फाटतो. म्हणून नकाशे सपाट ठेवावेत. यासाठी उथळ खणांची पोलादी कपाटे मिळतात. खणाची खोली सुमारे पाच सेंटिमीटर पुरे. खोल खणात नकाशांचा ढीग होतो आणि तळचा नकाशा ओढून काढताना वरचे फाटतात. दहा-पंधरा नकाशांचा एक गट आम्लरहित कागदाच्या वेष्टनात ठेवावा व वेष्टनावर पेन्सिलीने क्रमांक लिहावा. वाचकास द्यावयाचे ते वेष्टनासह द्यावे. खणात मावत नाहीत असे मोठे नकाशे किमान दहा सेंटिमीटर व्यासाच्या नळीवर बाहेरून गुंडाळावेत. बारीक नळीत कोंबलेला नकाशा पुन्हा सपाट होत नाही.

उन्हाने रंग उडतात व कागद पिवळा पडतो. खिडकीसमोर नकाशा लावू नये. मूळ नकाशा प्रदर्शनात ठेवावयाचा तर ५० लक्सच्या आसपास मंद प्रकाश असावा आणि काळ मर्यादित असावा. कायमच्या प्रदर्शनास नक्कल लावावी.

तापमान २० ते २२ अंश सेल्सियस व सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या जवळपास असणे आदर्श मानतात. प्रत्येक ग्रंथालयास वातानुकूलन परवडणार नाही. परंतु हवेतील आर्द्रता एकदम चढू-उतरू न देणे हे अधिक महत्त्वाचे असते आणि ते साध्या उपायांनीही बरेच साधते. कपाटे बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर व जमिनीपासून उंच ठेवावीत, पावसाळ्यात खिडक्या विचारपूर्वक उघडाव्यात, खोलीत हवा खेळती राहावी आणि आर्द्रतामापक लावून रोज नोंद करावी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले होते. नदी-ओढ्याजवळच्या इमारतीत तळमजल्यावर कागदपत्रे ठेवू नयेत, हा धडा शहरास तेव्हाच मिळाला आहे.

कसर, वाळवी व बुरशी यांच्यासाठी आपल्याकडे पूर्वी रुमालात वेखंड ठेवण्याची आणि पोथ्या-दप्तरे कापडात घट्ट बांधण्याची रीत होती. त्या रितीत तथ्य होते : धूळ व प्रकाश यांपासून संरक्षण मिळे आणि दप्तर वेळोवेळी सोडून पाहिले जाई. आजही नियमित तपासणी हाच कीड रोखण्याचा पहिला उपाय आहे. विषारी धुरी तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावी.

आम्लता हा डोळ्यांना न दिसणारा शत्रू. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदात ती मुळातच असते. असा कागद तपकिरी पडतो आणि पुढे बोटाच्या दाबानेही तुटतो. जतनाच्या प्रयोगशाळांत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमच्या संयुगांनी ती कमी करतात. तथापि सरसकट उपचार धोक्याचे ठरतात. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा असलेल्या जुन्या आराखड्यांचा रंग अल्कधर्मी पदार्थांनी फिका पडतो, म्हणून त्यांस अल्कयुक्त वेष्टनही वापरू नये. जुन्या ट्रेसिंग कापडास खळ दिलेली असते आणि पाण्याने ते खराब होते. शाई पाण्यात विरघळते की नाही हे कोपऱ्यातील एखाद्या बिंदूवर तपासल्याशिवाय कोणताही नकाशा ओला करू नये.

राहिला माणसाचा हात. फाटलेल्या नकाशावर चिकटपट्टी लावणे हा सर्वत्र आढळणारा आणि सर्वांत घातक उपचार आहे. काही वर्षांत पट्टी निघून पडते व तिचा डिंक कागदात पिवळा डाग होऊन राहतो. उष्णतेने प्लॅस्टिकचा थर चढविणे, म्हणजे लॅमिनेशन, हेही टाळावे. ते पुढे सोडविता येत नाही आणि आतील कागद झिजतच राहतो. दुरुस्ती करावयाची ती पातळ जपानी कागद व गव्हाच्या सत्त्वाची खळ यांनी, जेणेकरून गरज पडल्यास ती पाण्याने सोडविता यावी. वारंवार हाताळावा लागणारा नकाशा पॉलिएस्टरच्या दोन पारदर्शक पत्र्यांमध्ये ठेवून केवळ कडा बंद करतात. त्यात नकाशाला काहीच चिकटत नाही आणि तो केव्हाही बाहेर काढता येतो. केलेला उपचार परत फिरविता आला पाहिजे, हे जतनशास्त्राचे मुख्य सूत्र होय.

संगणकीय प्रत : सोय आणि मर्यादा

आज महाराष्ट्रातील अनेक गावांचे नकाशे भूमी अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी होऊ लागली. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी आणि २०२२ च्या राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरणाने नकाशांच्या वापरावरील अनेक निर्बंध सैल झाले आहेत. मग जुने कागद कशाला सांभाळावयाचे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, संकेतस्थळ आजची स्थिती दाखविते. पन्नास किंवा शंभर वर्षांपूर्वीची स्थिती पाहण्यासाठी त्या वेळचा कागदच पुढे घ्यावा लागतो.

जुन्या नकाशाची संगणकीय प्रत करताना किमान ३०० ते ४०० बिंदू प्रति इंच एवढी स्पष्टता ठेवावी, समासासह संपूर्ण नकाशा घ्यावा, शेजारी मापपट्टी व रंगपट्टी ठेवावी आणि मूळ प्रत टिफ स्वरूपात जपून वाचकांसाठी लहान प्रत वेगळी करावी. ठिसूळ नकाशा रुळांमधून ओढणाऱ्या यंत्रात घालू नये. नंतर त्या प्रतीवरील मंदिर, विहीर, हद्दीचा दगड अशी आजही जागेवर असलेली किमान चार ठिकाणे घेऊन ती उपग्रह-चित्राशी जुळविता येते. वाघोलीबाबत वाघेश्वराचे मंदिर हे असे एक ठिकाण ठरू शकेल. जुन्या नकाशांचा गणिती आधार आजच्या उपग्रहीय मापनापेक्षा भिन्न असल्यामुळे ही जुळणी डोळ्यांच्या अंदाजाने करू नये.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत अनेक विभागांच्या नस्त्या नष्ट झाल्या. एकच प्रत, एकाच इमारतीत, हा धोका तेव्हा सर्वांच्या लक्षात आला. संगणकीय प्रतीच्या किमान तीन नकला असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी असावी.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ग्रंथालयातील नकाशा अभ्यासासाठी असतो. हद्दीच्या वादात अधिकृत मोजणी व प्रमाणित नक्कल भूमी अभिलेख कार्यालयाकडूनच घ्यावी लागते. मात्र कोणती नक्कल मागावयाची, कोणत्या सालची, कोणत्या जुन्या क्रमांकाची, हे ठरविण्यास ग्रंथालयातील संग्रह वाट दाखवू शकतो.

पंचायतीने आणि शाळेने काय करावे?

विद्यापीठ ग्रंथालयाची साधने गावात नसतात, पण पुढील गोष्टींस फारसा खर्च येत नाही. पंचायतीच्या भिंतीवर मूळ गाव नकाशा टांगला असेल तर तो उतरवून तेथे छायाप्रत लावावी. मूळ नकाशा घडी न घालता दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, कपड्यात बांधून, लोखंडी कपाटाच्या मधल्या फळीवर आडवा ठेवावा. एका वहीत सर्व नकाशांची यादी करावी : कशाचा, कोणत्या सालचा, कोणी दिला, कोठे ठेवला. नकाशा बाहेर दिला तर तारीख व सही घ्यावी. नकाशावर शाईने किंवा रंगीत पेन्सिलीने काहीही आखू नये. खुणा करावयाच्या त्या छायाप्रतीवर.

ज्या ग्रामपंचायती नगरपालिका किंवा महानगरपालिकेत विलीन होतात त्यांच्याबाबत ही यादी फार मोलाची ठरते. दप्तर हस्तांतरित होताना चालू कामाचे कागद प्रथम जातात. पाणीयोजनेचा जुना आराखडा, खाणींचा स्थळदर्शक नकाशा, गावठाण विस्ताराचा नकाशा असे ‘बिनकामाचे’ कागद मागे राहतात व पुढे रद्दीत जाण्याचा संभव असतो. विलीनीकरणाच्या वेळी यादी करून असे नकाशे रीतसर हस्तांतरित करावेत आणि त्यांच्या प्रती जवळच्या महाविद्यालयाच्या वा विद्यापीठाच्या ग्रंथालयास द्याव्यात.

भूगोलाच्या शिक्षकांना यात आणखी एक काम करता येईल. विद्यार्थ्यांचे गट करून गावचा जुना नकाशा हाती देऊन शिवारात न्यावे आणि त्यातील विहिरी, ओढे, देवळे व वाटा आज कोठे आहेत याची नोंद करावयास सांगावे. अशा नोंदींची वही शाळेत राहिली तर काही वर्षांनी तीच एक साधन होईल. नकाशा वाचावयास शिकलेला विद्यार्थी पुढे पंचायतीचा सदस्य, तलाठी किंवा अभियंता झाला, म्हणजे नकाशा फाडण्याचे व फेकण्याचे प्रकार आपोआप कमी होतील.

पुण्याभोवतालची गावे वेगाने शहरात मिसळत आहेत. त्यांचे जुने रूप दाखविणारे कागद मोजके आहेत आणि दर पावसाळ्यात त्यांतील काही कमी होतात. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक पंचायतीने, शाळेने आणि कार्यालयाने आपल्याकडील नकाशे एकदा कपाटातून काढून पाहावेत, पुसून, मोजून, यादी करून पुन्हा सपाट ठेवावेत. दोन दिवसांचे हे काम आहे.